जजसाहेबांना न विचारलेला प्रश्न

आधी माफी मागतो. मी लेखक नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि मी गेलो तोही धडपडतच. ज्यांच्याबद्दल लिहितोय ते गृहस्थ अमेरिकेतले. त्यांच्या राज्यात मी कधी पाऊल ठेवलेलं नाही. इंग्लंडमध्ये बसून, मराठीत, अमेरिकेतल्या एका आमदाराबद्दल आणि जजाबद्दल हा काय सांगणार, असं कुणी म्हटलं तर माझ्याकडे उत्तर नाही. तरी लिहितोय. इंग्रजीत जो प्रबंध लिहिला, त्यात मधली गोष्टच राहून गेली. त्यामुळे झोप लागत नाही असं म्हणणार नाही, झोप लागते. पण सकाळी दात घासताना ती रोज आठवते आणि चिडचिड होते.

मी साउथहॅम्प्टनला इतिहासात एम.ए. करायला आलो तेव्हा मला वाटत होतं की प्रबंध म्हणजे मोठ्या माणसांवरच लिहायचा असतो. माझ्या मार्गदर्शक बाईंना मी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांपैकी दोघांची नावं सांगितली. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या की यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, तू एखाद्या राज्याच्या विधानसभेतला माणूस शोध, ज्याच्यावर कुणी लिहिलेलं नाही. मी हो म्हटलं. बाहेर आल्यावर कॉरिडॉरमध्ये विचार करत राहिलो की ज्याच्यावर कुणी लिहिलेलं नाही तो मला सापडायचा कसा.

तो सापडला होता, माझ्या लक्षात आलं नव्हतं. इंग्लंडला आल्या-आल्या गणपतीत मी मेडनहेडला एका काकूंकडे गेलो होतो. काकूंचं माहेर आमच्या गावचं. त्या वीस-पंचवीस वर्षं इथे आहेत, सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत, आणि गावाकडून कुणीही आलं की त्याला पहिल्या आठवड्यात जेवायला बोलावतात. आरतीला शेजारचे एक उंच, पांढऱ्या केसांचे म्हातारे आले होते. ते टाळ्या वाजवत होते, पण भलत्याच ठेक्यात. मग त्यांनी मोदक खाल्ला. काकूंनी दुसरा विचारला, ते हो म्हणाले. तिसरा विचारला, तेव्हाही हो म्हणाले. मी मात्र पहिल्याच मोदकाला नको म्हणालो होतो, दुसऱ्यांदाही नकोच, आणि तिसऱ्यांदा काकूंनी न विचारता ताटात दोन टाकले होते. काकू नंतर कौतुकाने म्हणाल्या, “बघितलंस? एकदम स्ट्रेट. आपल्यासारखे आढेवेढे नाहीत. रिटायर्ड जज आहेत, अमेरिकेतले. लेकीकडे राहायला आलेत.”

जज म्हटल्यावर मी आपोआप सरळ बसलो होतो. त्याचं कारण सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, जिल्हा न्यायालयात ड्रायव्हर. जजसाहेबांची गाडी चालवणं हे त्यांचं काम. साहेब बदलत गेले, अप्पा तेच राहिले. इतक्या साहेबांना त्यांनी नेलं-आणलं, पण त्यांतल्या कुणाचा चेहरा नीट सांग म्हटलं तर त्यांना सांगता येत नाही. आरशातून दिसतील तेवढे डोळे आणि कपाळ, एवढेच त्यांचे साहेब. त्यांचा एक नियम होता, तोच त्यांनी घरात लावला. साहेब विचारतील तेवढंच बोलायचं, आपण होऊन काही विचारायचं नाही. एकदा एका साहेबांनी गाडीत बसल्या-बसल्या मुलगा काय करतो म्हणून विचारलं होतं. अप्पा बारावी म्हणाले आणि गप्प झाले. माझा बारावीचा निकाल आदल्या दिवशी लागला होता आणि त्या दिवशी जिल्ह्याच्या पेपरात माझा फोटो होता. आई म्हणाली, अहो, सांगायचं की. अप्पा म्हणाले, त्यांनी ते कुठं विचारलं?

तर माझ्यासाठी जज म्हणजे काळ्या काचेची गाडी. आणि तसा एक जज माझ्यासमोर बसून बोटांना लागलेलं तूप पुसत होता.

प्रबंधाचा विषय डोक्यात घोळत होता तेव्हा काकूंशी फोनवर बोलताना त्या सहज म्हणाल्या की शेजारचे जजसाहेब आधी त्यांच्या राज्यात आमदारही होते म्हणे, लोकल टाइपचे. मी त्या आठवड्यात लायब्ररीत बसून त्यांच्या राज्याच्या विधानसभेची जुनी कार्यवाही उघडली. ती सगळी आता इंटरनेटवर मिळते. एका छोट्या गावातले वकील. दिवाणी, फौजदारी, शेताच्या बांधाची भांडणं, मिळेल ते काम करायचे. मग विधानसभा. तिथली विधानसभा वर्षातले थोडेच महिने भरते. बाकीचे दिवस आमदार आपापल्या दुकानात, शेतात किंवा ऑफिसात असतो. मग राज्याची सिनेट. आणि मग जज. जज होण्यासाठी त्यांनी निवडणूक लढवली.

हे मी अप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी ते मानलंच नाही.

“जजसाहेब मतं मागत फिरले?”

“हो, अप्पा. तिथं तशी पद्धत आहे.”

“म्हणजे दारोदार? हात जोडून?”

“हात मिळवून.”

अप्पांनी तिकडे आईला हाक मारून हे सांगितलं. मग म्हणाले, “मग गाडी कोण चालवायचं?”

“स्वतः चालवायचे.”

यावर अप्पांनी फोन आईकडे दिला.

कार्यवाही वाचताना मला ती गोष्ट सापडली. सिनेटमध्ये असताना त्यांनी एक कायदा आणला होता. तिसऱ्यांदा घरफोडी किंवा तशी चोरी सिद्ध झाली की जन्मठेप. जजाने परिस्थिती बघायची नाही, वय बघायचं नाही, चोरलं काय ते बघायचं नाही. त्या वेळचं त्यांचं भाषण छापलेलं आहे. जज लोक फार मऊ झाले आहेत, त्यांच्या हातात काही ठेवायला नको, असं ते म्हणाले होते. कायदा मोठ्या बहुमताने पास झाला. काही वर्षांनी तेच जज झाले. आणि त्यांच्या कोर्टात एक तरुण उभा राहिला, विशी नुकतीच ओलांडलेला. त्याने एका बंद शेडमधून वेल्डिंगचं सामान उचललं होतं. त्याआधी दोनदा असंच काहीतरी. तिसरी वेळ. जजसाहेबांनी त्याला स्वतःच्या कायद्याप्रमाणे जन्मठेप दिली. त्या दिवसाच्या कोर्टाच्या नोंदीत, तीही इंटरनेटवर मिळाली, जजांचं एकच वाक्य आहे, की कायदा काय आहे हे मला माहीत आहे.

ते वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि लायब्ररीच्या बाहेर जाऊन उभा राहिलो. ज्या हातात काही ठेवायला नको म्हणून कायदा केला, तेच हात पुढे त्यांचे झाले. शिक्षा सुनावताना त्यांना काय वाटलं असेल? मार्गदर्शक बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदाच माझ्याकडे नीट वळून बसल्या. म्हणाल्या, हाच तुझा प्रबंध. माणूस जिवंत आहे, तासाभराच्या अंतरावर राहतो. जा आणि विचार. हे विचारलंस तर प्रबंधाला अर्थ आहे. नाहीतर तो नुसता बायोडेटा होईल.

तासाभराच्या अंतरावर असं त्या म्हणाल्या, पण रेडिंगला गाडी बदलायची म्हणजे दोन तास धरावे लागतात. शनिवार-रविवारी मी बंदरावर क्रूझच्या प्रवाशांच्या बॅगा वाहायचं काम करायचो. त्यातले शनिवार सोडायचे ठरवले. काकूंनी जजसाहेबांना विचारून ठेवलं. ते म्हणाले, येऊ दे.

पहिल्या भेटीची सुरुवात मला नीट आठवत नाही. भीतीमुळे असेल. आठवतं ते असं की दारात मी सवयीने खाली वाकलो, त्यांच्या पायांना हात लावला, आणि त्यांना वाटलं मी पडलो. त्यांनी मला दोन्ही दंडांना धरून उभं केलं आणि बसवून पाणी दिलं. मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करू का म्हणून मी विचारलं, ते कर म्हणाले. मग थोडं बोलणं झालं. मग त्यांनी ॲपल पाय आणला, सफरचंद भरून भाजलेला गोड पदार्थ, त्यांनी स्वतः केलेला. मला घेतोस का विचारलं. मी म्हटलं, नको सर, थँक यू. त्यांनी मान हलवली, माझ्यापुढची बशी उचलली आणि आत नेऊन ठेवली. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. पुढचे दोन तास त्या पायचा वास येत होता.

ही गोष्ट काकूंना सांगितली तर त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या आणि मला पोळी-भाजी वाढली. मीही हसलो. तेवढ्यावर ते संपलं असं मला वाटलं.

जजसाहेब छान बोलायचे. सावकाश, मधे मधे थांबत. जजाच्या निवडणुकीत ते सभा घेत नसत. लाकडी फूटपट्ट्या वाटत. पट्टीवर त्यांचं नाव आणि पद छापलेलं. जत्रेत, चर्चबाहेर, किराणा दुकानात. म्हणायचे की पत्रकं माणसं फेकतात, पण मत दिलं नाही तरी फूटपट्टी कुणी फेकत नाही. बायका कापड मोजतात, पोरं तिने मारामारी करतात, आणि नाव घरात राहतं. एकदा त्यांच्या विरोधातल्या उमेदवाराच्या घरी ते काही कामाने गेले, तर तिथे खिडकी उघडी राहावी म्हणून यांचीच पट्टी लावलेली. हे सांगताना ते स्वतःच इतके हसले की खोकला आला. त्यातली एक पट्टी त्यांनी मला दिली. ती माझ्या खोलीत आहे.

विधानसभेत त्यांच्या शेजारी बसणारा आमदार कोंबड्या पाळायचा आणि अधिवेशन लांबलं की कोंबड्यांच्या काळजीने रडवेला व्हायचा, तेही सांगितलं. कोणत्या पुलासाठी त्यांनी काय केलं, कोणत्या शाळेचं छत कसं झालं. पहिल्यांदा जजाचा झगा घातला तेव्हा तो लांब होता आणि पायऱ्या चढताना अडखळले. बायको गेली ते वर्ष. लेकीने इकडे ये म्हणून धरलेला हट्ट. मी मान हलवत ऐकायचो. प्रत्येक शनिवारी ट्रेनमध्ये बसताना वाटायचं की आज ते कायद्याचं काढतील. मी प्रश्न विचारायचो, पण कडेकडेने. सिनेटमधली वर्षं कशी होती, सर? मग पूल यायचा. कोर्टातला कठीण दिवस कोणता? मग एका घटस्फोटाची गोष्ट यायची, ज्यात नवरा-बायको कुत्र्यावरून भांडत होते. त्यांनी त्या कायद्याचा विषय एकदाही काढला नाही.

मला राग येऊ लागला. खरं सांगायचं तर त्यांचाच राग. मनात म्हणायचो, एवढा सरळ माणूस, तिन्ही मोदकांना हो म्हणणारा, आणि ही एकच गोष्ट पोटात ठेवून बसलाय. मार्गदर्शक बाई दर भेटीत विचारायच्या, विचारलंस का? मी म्हणायचो, विषय निघत नाही. त्या म्हणायच्या, विषय निघत नसतो, काढायचा असतो. त्यांना काय सांगणार की मी कुणाचा मुलगा आहे. अप्पांना विचारलं तर ते वेगळंच म्हणाले.

“त्यांच्या मनात आलं की सांगतील. आपण वाट बघायची.”

“अप्पा, सप्टेंबरमध्ये प्रबंध द्यायचाय.”

“मग साहेबांना तसं कळव. पण विचारू नको.”

यात फरक काय ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मे महिन्यात एका शनिवारी जजसाहेबांकडून निघून काकूंकडे गेलो. काकूंची मुलगी घरी आली होती. ती इथेच जन्मलेली, लंडनमध्ये सॉलिसिटरच्या फर्ममध्ये ट्रेनी आहे, आणि माझ्याशी हट्टाने मराठीत बोलते. पहिल्या रेकॉर्डिंगमधले काही उच्चार मला लागत नव्हते, सुरुवातीचा भाग तर मी लाजेने परत ऐकलाच नव्हता. दारातल्या त्या प्रकाराबद्दल ते त्यात बोलले होते, ते मला परत ऐकायचं नव्हतं. तिला म्हटलं, तू जरा ऐकून सांगतेस का. तिने कानात इअरफोन घातले आणि भाजी चिरणाऱ्या काकूंशेजारी उभी राहून ऐकू लागली. आधी हसली, तू दारात पडलास असं मला वाटलं म्हणून ते सांगतात तिथे. मग तिचं हसू थांबलं. तिने मागे घेऊन परत ऐकलं. मग इअरफोन काढून फोन मोठ्या आवाजात लावला.

जजसाहेबांचा आवाज होता. मराठीत सांगायचं तर असं:

“तू ती कार्यवाही वाचली असशील. म्हणजे तुला त्या कायद्याबद्दल विचारायचं असेल, आणि त्या मुलाबद्दल. विचारायचं असेल तर सरळ विचार. मी सांगेन.”

आणि मग माझा आवाज, बारीक, घाईचा.

“नाही नाही, सर. तसं काही नाही. तुम्हाला जे सांगावंसं वाटेल ते.”

मग काही सेकंद नुसती शांतता. त्यांच्या घरातल्या घड्याळाची टिकटिक रेकॉर्ड झालीय. मग ते म्हणाले, “बरं.” आणि लगेच, “पाय घेतोस का?”

काकूंनी सुरी खाली ठेवली.

मुलगी म्हणाली, “दादा, तू नो म्हणाला. ऑन रेकॉर्ड.”

“अगं, ते तसं नव्हतं,” मी म्हटलं. “ते आपलं म्हणायचं असतं.”

“कुणाला माहीत असतं? त्याने विचारला, तू नको बोलला. तो जज आहे. साक्षीदार नो बोलला तर तो परत परत नाही विचारणार. दॅट्स बॅजरिंग, साक्षीदाराला छळणं.”

“मला वाटलं ते परत एकदा विचारतील.”

“का?”

मी काकूंकडे पाहिलं. त्या एवढंच म्हणाल्या, “अरे, आपल्यात विचारतात ना परत,” आणि त्यांचाच आवाज उतरला. मुलीने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली की तुम्ही लोक कसे काही ठरवता हेच मला कधी कळत नाही. ती हे रागाने म्हणाली नाही. पण मला लागलं.

परतीच्या ट्रेनमध्ये मी ते रेकॉर्डिंग ऐकत आलो. रेडिंगला गाडी बदलायची राहिली आणि भलत्याच दिशेला गेलो असं लिहिलं असतं तर शोभलं असतं, पण तसं झालं नाही. गाडी बरोबर बदलली. मी फक्त चिडलेला होतो, आणि कुणावर चिडायचं ते कळत नव्हतं. त्यांनी पहिल्याच दिवशी, पहिल्याच पाच मिनिटांत दार उघडलं होतं. मीच ते विनयाने लावून घेतलं, आणि मग महिनोन्‌महिने बाहेर उभा राहून हे दार का उघडत नाहीत म्हणून कुढत बसलो. आणि तेही काय समजले असतील? याला ती गोष्ट नको आहे. याला पूल आणि फूटपट्ट्या हव्या आहेत. म्हणून बिचारे दर शनिवारी नवीन पूल शोधून ठेवत होते.

पुढच्या शनिवारी विचारायचं, असं ठरवलं. वाक्य पाठ केलं. इंग्रजीत, छोटं, सुरुवातीला सॉरी नसलेलं. अप्पांना फोन करून सांगितलं की मी विचारणार आहे. अप्पांनी आढेवेढे घेतले, मग म्हणाले, “उभं राहून विचार. बसून नको.” एवढी सूट त्यांनी दिली.

शनिवारी त्यांच्या लेकीने दार उघडलं. त्या साउथहॅम्प्टनच्याच हॉस्पिटलमध्ये आधी काम करायच्या, त्यामुळे माझ्याशी नेहमी आपुलकीने बोलायच्या. म्हणाल्या की डॅड गुरुवारी अमेरिकेला गेले. काहीतरी काम निघालं. या वयात एकट्याने जाऊ नका म्हटलं तर ऐकलं नाही. कधी येतील माहीत नाही. कसलं काम, ते मी विचारायला हवं होतं. मी म्हटलं, ओके, थँक यू. त्यांनी आत ये म्हटलं, चहा विचारला. मी नको म्हणालो, आणि त्यांनी दार लावलं. गेटपर्यंत आल्यावर माझं मलाच हसू आलं, पण ते चांगलं हसू नव्हतं.

मी ईमेल पाठवला. त्यात तो प्रश्न सरळ लिहिला. उत्तर आलं नाही. लेकीने सांगितलं की ते ईमेल बघत नाहीत, फोनही बंद ठेवतात, रविवारी तेच आपण होऊन फोन करतात. मी रविवारच्या फोनमध्ये माझा निरोप सांगा म्हटलं. त्यांनी सांगितलाही. उलट निरोप आला, की त्या मुलाला म्हणावं अभ्यास कर.

जून गेला, जुलै गेला. बंदरावर क्रूझची गर्दी असते तेव्हा मी बॅगा ओढत असायचो आणि डोक्यात तेच वाक्य फिरत असायचं, जे विचारायला आता समोर कुणी नव्हतं. प्रबंध लिहिला. फूटपट्ट्या लिहिल्या, पूल लिहिला, कोंबड्या लिहिल्या. कायदा आणि खटला कागदोपत्री होता तेवढा लिहिला, आणि जिथे त्यांचं उत्तर यायचं तिथे मी लिहिलं की याबद्दल त्यांचं मत उपलब्ध नाही. उपलब्ध नाही! ते उपलब्धच होतं. माझ्यासमोर बशीत घालून ठेवलं होतं.

प्रबंध पास झाला. बाईंनी शेवटी शेरा लिहिला की मेहनत दिसते, मात्र मध्यवर्ती प्रश्न विचारलेला नाही. घरी पेढे वाटले. अप्पांनी कोर्टात सगळ्यांना वाटले, त्या वेळच्या साहेबांनाही. साहेबांनी विचारलं, मुलाने कशावर लिहिलं? अप्पांनी सांगितलं, एका जजसाहेबांवर. ते म्हणाले, अरे वा. मग अप्पांना पुढे काय बोलावं कळेना आणि त्यांनी डबा बंद केला. हे त्यांनी मला इतक्या आनंदाने सांगितलं की शेऱ्याबद्दल मी काही बोललो नाही.

त्यानंतर मी मेडनहेडला गेलो नाही. मला नोकरी मिळाली, शिपिंग कंपनीत, कंटेनरच्या कागदांची. जजसाहेब परत आलेले नाहीत एवढं काकूंकडून कळायचं. मी विषय बदलायचो.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी काकूंच्या मुलीचा फोन आला. ती कधी फोन करत नाही, मेसेज करते. म्हणाली, “दादा, लॅपटॉप जवळ आहे? मी लिंक पाठवला. बघ आधी, मग बोल.”

तो त्या राज्याच्या पॅरोल मंडळाच्या, म्हणजे कैद्याला शिक्षा संपण्याआधी सोडायचं का हे ठरवणाऱ्यांच्या, काही दिवसांपूर्वीच्या सुनावणीचा व्हिडिओ होता. तिथे अशा सुनावण्या सगळ्यांना बघता येतात. एका साध्या खोलीत लांब टेबल, मागे झेंडा, आणि साक्षीदाराच्या खुर्चीत जजसाहेब. ते बारीक झाले होते. तोच कोट होता, जो ते आरतीला घालून आले होते. त्यांच्या डाव्या बाजूला पडद्यावर तुरुंगातून एक माणूस दिसत होता. डोक्यावर केस राहिलेले नव्हते, चष्मा होता. विशी ओलांडलेला तरुण म्हणून मी ज्याला ओळखत होतो, तो हा.

मंडळातल्या एका बाईंनी त्यांना नाव विचारलं, पद विचारलं. मग म्हणाल्या, “साहेब, हा कायदा तुम्हीच आणला होता ना? आणि शिक्षाही तुम्हीच दिलीत. त्याबद्दल तुम्हाला काही सांगायचं आहे का?”

ते थांबले. तेवढेच सेकंद, जेवढे माझ्या रेकॉर्डिंगमध्ये घड्याळ वाजतं.

“हो,” ते म्हणाले. “सांगायचं आहे. कुणी विचारण्याची मी वाट पाहत होतो.”

मग ते बोलले. बराच वेळ. ते काय बोलले ते मी इथे लिहीत नाही, कारण ते मला सांगितलेलं नाही, त्यांना सांगितलंय. एवढंच सांगतो की त्यांनी कुठेही कायद्यामागे तोंड लपवलं नाही, आणि पडद्यावरचा माणूस पूर्ण वेळ त्यांच्याकडे बघत होता.

मी तिला परत फोन लावला. मुलीने लगेच विचारलं, “बघितला?”

“बघितलं.”

“शेवटपर्यंत?”

“नाही. त्यांचं बोलणं संपलं तिथपर्यंत.”

“मग तुला माहीत नाही,” ती म्हणाली. “मंडळाने हो म्हटलं. सगळ्यांनी. तो माणूस आज सकाळी बाहेर आला. त्यांच्या लेकीने आईला सांगितलं, जजसाहेब तुरुंगाच्या गेटवर न्यायला गेले होते. गाडी त्यांनीच चालवली.”